यंत्राची ओटी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आतूच्या गुळण्यांनी. मोरीत उभी राहून ती मिठाच्या पाण्याने घसा धुवायची, एक लांब सूर लावून तो कुठवर पोहोचतो ते बघायची आणि मग तोच आवाज आम्हाला उठवायला वापरायची. तेवढ्यात बंदराकडून कंटेनर एकमेकांवर बसल्याचे दणके सुरू व्हायचे. ट्रेलर मागे घेताना जो टीं-टीं आवाज येतो तो तर जेवताना, अभ्यास करताना, कुणाच्या घरी मयत झालं तरी चालूच असायचा. गॅस होता, पण बय, म्हणजे माझी आई, भाकरी चुलीवरच करायची. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, तव्यावर परतलेला सुका जवळा, सणावाराला वालाचं बिरडं. त्या वासात आतू पाटावर बसून विडा लावायची. विडा हा तिच्या कामाचा भाग आहे, चैन नाही, असं ती बयला रोज सांगायची आणि बय रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आतू म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा हयात होता, फक्त दुसऱ्या बाईबरोबर दुसऱ्या गावात राहत होता, त्यामुळे तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि लग्नांत बसायला तिला कसली अडचण नव्हती. आणि लग्नांत बसणं हेच तिचं काम होतं. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, पण ती ऐकायची म्हणून गाणी नव्हेत. ती म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, मांडव उभा राहत नाही, नवरी उठत नाही. धवल्यांत सगळ्यात लांब भाग आवतणाचा. आतू एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. माणसांना नव्हे. बांधांना, खाडीच्या फाट्यांना, मिठागरांना, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाडीला, आंब्याच्या एकट्या झाडाला. ‘पयलं आवतान मोठ्या बांदाला’ ही पहिली ओळ गावातल्या शेंबड्या पोरालाही यायची. पुढचं फक्त तिला.

हे ज्यांना बोलवायचं ते सगळे तेव्हाच बंदराखाली गेलेले होते. आमचं गाव उठवून आत रस्त्याच्या कडेला आखलेल्या प्लॉटांवर आणून ठेवलं, ते माझ्या जन्माच्या आधी. मी मोठा बांध कधी पाहिला नाही. त्याच्या जागी डांबराचं मैदान आहे आणि त्यावर परदेशी अक्षरांचे डबे रचलेले असतात. पण लग्न लागलं की आतू त्याला बोलवायची आणि म्हाताऱ्या बायका दाराकडे बघायच्या, जणू तो आलाच. मला लहानपणी त्याची थोडी भीती वाटायची, मोठेपणी थोडी लाज. दोन्ही सांगून टाकते.

बाबांचं हमरस्त्यावर शूटिंगचं दुकान होतं. लग्न, हळद, साखरपुडा, कुणाच्या नव्या ट्रेलरची पूजा, सगळ्याचं शूटिंग काढायचे आणि दुकानात बसून मिक्सिंग करायचे. मिक्सिंग म्हणजे मुख्यतः खरा आवाज काढून टाकून त्यावर सिनेमातली गाणी टाकणं. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. नवरी रडतेय तर रडायचं गाणं, मटणाची पातेली दिसली तर नाचाचं. आतूचे धवलेही असेच गाण्यांखाली जायचे. तिला ते माहीत होतं. ‘माजा तोंड दिसतंय, आवाज दुसऱ्याचा,’ ती म्हणायची. ‘मी काय बावली हाय काय रं?’ बाबा हसायचे, पण ते त्यांना लागत होतं. बहिणीचं वय दिसत होतं. तिच्यामागे कुणी नव्हतं. रीत अशी की धवलारीण आपल्या पसंतीच्या मुलीला पाटावर बसवते, तिची ओटी भरते, तिच्या तोंडात आपल्या हाताने विडा देते, आणि त्या दिवसापासून स्वतः म्हणायचं थांबवते. दिलेलं परत घेत नाहीत. आतूने मनात मला धरलं होतं. बयने ते एका वाक्यात संपवलं होतं. ‘माजी पोर कॉलेजान जाते, मांडवान कनाला बसंल?’ आणि आतूने भाकरी मोडता मोडता म्हटलं, ‘कॉलेजान जाते म्हनून तिचा घसा सरकारजमा झाला काय?’

अशा दिवसांत माझ्या मामाचा फोन आला. मामा जहाजावर इंजिनात काम करायचा आणि जपानच्या बंदरातून बोलत होता. त्या सुमारास जगात दोन तबकड्यांचं भांडण चाललं होतं. दिसायला दोन्ही साध्या डीव्हीडीसारख्याच, पण चित्र आरशासारखं लख्ख आणि पोटात कितीतरी जास्त मावणारं. एकीचं नाव एचडी डीव्हीडी, ती लाल डबीत यायची. दुसरी ब्लू-रे, ती निळ्या. एकीचं यंत्र दुसरीला ओळख देत नव्हतं. दोघींच्या मागे मोठमोठ्या कंपन्या उभ्या, काही सिनेमे हिच्यावर निघायचे, काही तिच्यावर. यातली एक मरणार हे सगळ्यांना कळत होतं, कुठली ते कुणालाच नाही. मामाला एकच यंत्र आणता येणार होतं, लिहिणारं आणि वाजवणारं दोन्ही एकाच खोक्यात. ‘भावजी, लवकर सांगा, परवा जहाज सुटतंय,’ तो म्हणाला.

बाबांचा कल लालकडे होता आणि त्याचं कारण अगदी सोपं होतं. तिच्या नावात डीव्हीडी होतं. डीव्हीडी गावातल्या घराघरात होती, म्हणजे ही तिचीच थोरली बहीण, घरातलीच. निळी कुठून आली कोण जाणे. उरणच्या नाक्यावरचे दुसरे शूटिंगवाले निळीचं नाव घेत होते आणि बाबांचं त्यांच्याशी तसंही पटत नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की बाबांना ते यंत्र लग्नांसाठी नको होतं, आतूसाठी हवं होतं. माझ्या ताईचं लग्न ठरलं होतं. त्या लग्नात आतूचे सगळे धवले, एक शब्द न कापता, वर कुठलंही गाणं न टाकता, एका तबकडीवर ठेवायचे. साध्या डीव्हीडीत तेवढं मावत नव्हतं, मावलं तरी चित्र खराब व्हायचं. ते आतूला म्हणाले, ‘तू गेलीस तरी तू राहशील.’ आतू म्हणाली, ‘मना घालवाची घाई झालेय तुना.’ आणि मग, ‘देवीला इचारू. ती हो बोलली तं गाईन.’

आमच्याकडे कौल लावतात. भगत देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवीही आमच्याबरोबर उठवून आणलेली. जुन्या देवळातून काढून सिमेंटच्या नव्या देवळात बसवलेली, मागे पत्र्याचं शेड. आम्ही सगळे गेलो. आतूचा प्रश्न आधी झाला, माझं गाणं डब्यात ठेवू का. उजवी कळी पडली. आतूने नमस्कार केला आणि उठायला लागली, तेवढ्यात बाबा भगताला म्हणाले, ‘अजून एक इचार. लाल आणू का निळी?’

भगत म्हणाला, ‘काय लाल?’

‘तबकडी. एचडी डीव्हीडी.’

‘देवीला इंग्लिश बोलू?’

‘लाल आणि निळी बोल. लाल उजवीकरं.’

भगताने डोळे मिटून देवीला सांगितलं, आई, लाल उजवीकडे, निळी डावीकडे, तुझ्या लेकराला मार्ग दाखव. मागच्या रस्त्यावरून ट्रेलर गेला, देऊळ जरासं हललं, आणि उजवी कळी टपकन पडली. बयने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी ट्रेलर ऐकला होता. पण देवीपुढे कोण बोलणार. बाबांनी दुकानातून लगेच मामाला फोन लावला.

यंत्र आलं ते काळं, जड आणि पूर्ण जपानी. त्याची वीजही वेगळी, म्हणून बरोबर एक गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर. पडद्यावर जी अक्षरं यायची त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. बाबांनी जागेवरून पाठ केलं, वरून तिसरं म्हणजे लिहा, शेवटचं म्हणजे पुसा. ताईच्या लग्नात आतू जशी गायली तशी ती पुन्हा कधी गायली नाही, हे मी कौतुकाने लिहीत नाही, तसं खरोखरच घडलं. कॅमेरा तिच्यासमोर, माइक तिच्या पदराला. ती बांधांना बोलवत गेली, खाडीला बोलवत गेली, मध्ये पाणी प्याली नाही. लग्नानंतर बाबांनी दोन गोष्टी केल्या. ताईच्या सासरी द्यायला नेहमीची डीव्हीडी, गाणी टाकलेली, कारण त्यांना तीच हवी होती. आणि आमच्यासाठी लाल डबीतल्या तबकड्यांवर सगळे धवले. मग कॅमेऱ्याच्या कॅसेटवर पुढचं लग्न काढलं आणि यंत्राच्या पोटातली जागा मोकळी केली. सगळे शूटिंगवाले असंच करायचे. कॅसेट जपून ठेवणारा शूटिंगवाला मी पाहिलेला नाही.

पहिल्यांदा तबकडी लावली तेव्हा घरात जवळपास सगळी आळी जमली. स्वतःचा आवाज गाण्याखाली न दबता येतोय हे आतू हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली. संपल्यावर उठली, आत गेली आणि तांदूळ, नारळ, खण घेऊन आली. आम्हाला वाटलं देवापुढे ठेवणार. तिने पाट मांडला आणि बाबांना म्हणाली, ‘तिला उचलून पाटावर ठेव.’

‘कोनाला?’

‘तुज्या जपानीनीला.’

बाबांनी यंत्र पाटावर ठेवलं. आतूने त्याला हळदकुंकू लावलं, त्याच्यासमोर खण पसरून ओटी भरली आणि विडा घेऊन तबकडीचा कप्पा उघडायला सांगितलं. बाबा ओरडलेच, ‘आत नको, आत नको.’ बायका हसून लोळल्या. शेवटी विडा वर ठेवला. आतू मात्र हसत नव्हती. ‘झाला,’ ती म्हणाली. ‘आता ही म्हनंल.’ बय खूश झाली, कारण मी सुटले. मीही खूश झाले. बाबा तर इतके खूश की त्यांना काय घडलं ते कळलंच नाही. त्या खोलीत ते फक्त आतूला कळत होतं.

तो एक हंगाम बरा गेला. बाबा यंत्र, ट्रान्सफॉर्मर, टीव्ही आणि स्पीकर रिक्षात घालून मांडवात न्यायचे. आतू शेजारी खुर्चीवर बसायची, तोंड मिटून, सासू बसते तशी. आवाज मोठा होता, थकत नव्हता, लोकांना नवल वाटायचं. अडचण एकच, तबकडीतली नवरी ताई होती. दर दोन धवल्यांनी तिचं, सुलभाचं, नाव यायचं आणि समोर बसलेली नवरी निर्मला नाहीतर कविता असायची. मग नाव यायच्या बेतात बाबा आवाज बारीक करायचे आणि बायका एकसाथ खऱ्या नवरीचं नाव ओरडायच्या. एकदा बाबांचा हात चुकला तर नवऱ्याचा बाप उठून म्हणाला, ‘सुलभा कोन? आमी निर्मला ठरवलेली.’ ही गोष्ट गावात अजून सांगतात. हसण्यासारखी तेवढीच एक आहे.

मग मामाचा फोन आला, या वेळी सिंगापूरहून. लाल मेली होती. जिने ती काढली त्या कंपनीनेच हात वर केले होते. नवीन यंत्र निघणार नाही, तबकड्या निघणार नाहीत, सुटे भाग असतील ते असतील. सगळे सिनेमेवाले निळीकडे गेले. ‘भावजी, जे काय हाय ते लगेच दुसऱ्यावर उतरवून घ्या,’ मामा म्हणाला. बाबांनी फोन ठेवला आणि भात कालवत राहिले. बयने विचारलं तेव्हा म्हणाले, ‘देवीनं सांगितलंय. देवी काय कंपनीच्या भरवशावर बोलते?’ उतरवून घेणं म्हणजे कौल खोटा ठरवणं. आणि कौल खोटा तर आतूच्या प्रश्नाचा कौलही खोटा, मग ओटीही खोटी. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, आतूला यातलं काही बोलू नका. तबकडी वाजतेय ना, मग झालं.

पुढच्या हंगामाच्या पहिल्याच लग्नात ती वाजली नाही. आमच्याच आळीतलं लग्न, नवरी माझ्याबरोबर शाळेत होती. हळदीचं ताट तयार, पाटावर ती बसलेली, बाबांनी तबकडी आत ढकलली. यंत्र आतल्या आत कुरकुरलं आणि पडद्यावर जपानी अक्षरांची एक ओळ आली. बाबांनी तबकडी काढली, सदऱ्याने पुसली, परत घातली. तीच ओळ. आमच्याकडची हवा खारी, वर रस्त्याची धूळ. असल्या यंत्राच्या डोळ्याला ती किती दिवस सोसणार. नवरीची आई आतूपुढे येऊन बसली. ‘आतू, तू म्हन गो. उशीर होतोय.’

आतू म्हणाली, ‘मी दिला तो.’

‘कोनाला दिला? डब्याला?’

‘ओटी भरली. सगल्या बायका होत्या, तूही होतीस. खदाखदा हसत होतीस.’

‘आगो पन तो बिघरलाय.’

‘मानूस आजारी परला म्हनून आपन दिलेला काढून घेतो?’ आतू बाबांकडे वळली. ‘तिला बरी कर. मी बसलेय.’

बाबांनी सगळ्यांसमोर तिच्या पायाला हात लावला. म्हणाले, ‘बाय, माजी चूक झाली. ती बरी होनार नाय. ती जात मेली. जपानमधीच मेली. मना ठाऊक होता.’ आतूने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचे ओठ उघडले आणि मला वाटलं, म्हणणार. बायकाही पुढे सरकल्या. तिने ओठ परत मिटले. मान हलवली. राग नव्हता तिला. एखाद्याने आपल्याला येत नसलेलं काम सांगावं आणि आपण नाही म्हणावं, तशी मान. मग कुणीतरी डीजेला खूण केली आणि हळद लागली. लागतेच. त्यानंतर आमच्या गावात हळद डीजेवरच लागते.

बाबा ते यंत्र पिशवीत घालून मुंबईच्या बाजारात फिरून आले. दुरुस्तीवाले दुकानाबाहेर येऊन एकमेकांना दाखवत होते, असं बाबा म्हणाले. एकाने निळीचं यंत्र घ्यायचा सल्ला दिला. बाबांनी त्याला विचारलं, त्यात ही वाजेल का. वाजणार नव्हतीच. दुकानावर त्यांचं मन राहिलं नाही, पुढे ते कंटेनर यार्डाच्या गेटवर नोकरीला लागले, मोठ्या बांधाच्या जवळपास कुठेतरी. नक्की कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आतूला आम्ही सगळ्यांनी विचारून पाहिलं. बयनेसुद्धा एकदा भाकरी वाढताना म्हटलं, ‘पोरीला शिकवा, मी काय बोलनार नाय.’ आतूने माझ्याकडे बघून सांगितलं, ‘तिच्या वाट्याचा विडा त्या जपानीनीनं खाल्ला.’ एवढंच. गुळण्या मात्र तिने सोडल्या नाहीत. शेवटपर्यंत रोज सकाळी मोरीत मिठाचं पाणी, एक लांब सूर, आणि मग गप्प. दसऱ्याला कोयता, विळा, बाबांचा कॅमेरा यांच्या रांगेत ती यंत्रालाही झेंडू वाहायची. त्याच्याशी बोलताना मी तिला एकदाच ऐकलं. ‘आता तरी गा गो,’ ती म्हणत होती, अगदी साध्या आवाजात.

आतू गेली, बाबाही गेले. मी हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात काम करते, माझ्या मुलीला तबकडी म्हणजे काय तेच नीट माहीत नाही. मध्ये मी यंत्र एकदा वीज देऊन चालू केलं आणि पडद्यावरच्या त्या जपानी ओळीवर फोन धरला, आता फोन कुठलीही भाषा वाचतो. ‘ही डिस्क ओळखता येत नाही.’ नंतर खटपट करून परदेशातून लाल तबकड्या वाचणारा एक जुना ड्राइव्ह मागवला, संगणकाला जोडला, एकेक तबकडी घातली. घरी लिहिलेल्या तबकड्यांचा लेप वर्षांनी उडतो म्हणतात, त्यातून आमची हवा. संगणकाने प्रत्येकीबद्दल सांगितलं, ही रिकामी आहे, हिच्यावर काय भरू? मी नाही म्हटलं आणि ड्राइव्ह परत खोक्यात ठेवला. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. यार्डात कुठला डबा कशावर उभा आहे हे सांगणारं आता गावात कुणी नाही. जुनी माणसं होती त्यांना विचारून पाहिलं, बांधा-फाट्यांची दोन-चार नावं मिळाली, तीही एकमेकांशी न जुळणारी.

ताईच्या सासरची साधी डीव्हीडी मात्र अजून चालते. त्यात आतू ठळक दिसते. हिरवं लुगडं, नाकात नथ, पदराला माइक, आणि तिच्या तोंडातून नाचाचं गाणं येतं. मुलीला ते बघून हसू येतं, मलाही आधी यायचं. आता मी आवाज बंद करते आणि नुसती बघते. पहिलं आवतण मोठ्या बांधाला, ते ओठांवरून कळतं. दुसरं कुणाला, ते कळत नाही.